मागची बाजू मोकळी

आत्याचा फोन आला तेव्हा टेपसाहेब खिडकीच्या चौकटीचं माप घेत होते. खिडकीला काहीही झालेलं नव्हतं. काही माणसं बसल्या बसल्या पाय हलवतात, टेपसाहेब माप घेत. बांधकाम परवाना कचेरीत तीस वर्षं पाहणी अधिकारी म्हणून लोकांच्या भिंती मोजल्यावर ते निवृत्त झाले, पण खिशातला पोलादी टेप काही सुटला नाही, आणि कॉलनीने दिलेलं नावही सुटलं नाही.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "मी वृद्धाश्रमाचा फॉर्म भरलाय. तिथे खोली गरम ठेवतात म्हणे. या थंडीत माझी पाठ काही मला उभी राहू देत नाही. पहिल्या तारखेला जाते."

टेप सर्रकन आत गेला आणि टेपसाहेबांचं बोट चिमटलं. दर रविवारी सकाळी ते आत्याला फोन करत. "बरी आहेस ना?" असं विचारत, ती "हो रे" म्हणे, आणि हे काम झालं अशी मनात खूण करून ते चहा घेत. आजवरच्या शेकडो रविवारांत वृद्धाश्रम हा शब्द एकदाही आला नव्हता. त्यात आज रविवारही नव्हता, शनिवार होता.

"कुठेही जायचं नाही," ते म्हणाले. "तू इकडे ये. आम्ही शेगडी बसवतोय. मोठी, लोखंडी, लाकडावरची. धुराड्यासकट."

हे ऐकून स्वयंपाकघरातून त्यांची बायको हातातलं भांडं तसंच घेऊन बाहेर आली. शेगडीचा विषय या घरात तोवर निघालेलाच नव्हता. आपल्या तोंडून हे वाक्य कसं निघालं याचा सगळ्यात जास्त धक्का मात्र टेपसाहेबांनाच बसला होता. नियम न बघता, अर्ज न करता, त्यांनी एक बांधकाम जाहीर केलं होतं.

"बघते," आत्या म्हणाली. "पुढच्या रविवारी येते. खोलीत ऊब असली तर राहीन. नसली तर फॉर्म माझ्या पिशवीतच आहे, तिथूनच पुढे जाईन."

आई गेल्यावर टेपसाहेबांना आत्यानेच वाढवलं होतं. त्या घराच्या दाराला खाली फट होती आणि हिवाळ्यात तिच्यातून वारा सुरीसारखा आत यायचा. आत्या दाराला पाठ लावून बसायची, बाळ्याला समोर बसवायची आणि पाढे म्हणून घ्यायची. सत्तावीसच्या पाढ्याला बाळ्या दहा वर्षांचा झाला. आत्याच्या पाठीचं दुखणं तेव्हापासूनचं आहे, हे टेपसाहेबांना ठाऊक होतं, पण कुणी विचारलं तर ते "वयोमानानुसार" असं सांगत.

आता हातात आठ दिवस होते. दुसरा कुणी असता तर त्याने थेट दुकान गाठलं असतं. टेपसाहेब सोमवारी सकाळी दाढी करून, चार प्रतींत अर्ज घेऊन आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मॅडम बसत. मॅडम उठून उभ्या राहिल्या, ते टेपसाहेबांना बरं वाटलं.

"धुराडं मागच्या भिंतीतून काढणार," टेपसाहेब म्हणाले. "म्हणजे मागे काय आहे ते तुम्हाला येऊन बघावं लागेल. नियमच आहे."

टेपसाहेबांच्या घराच्या मागे बँकवाल्यांचं घर. दोन्ही घरं एकमेकांना पाठ लावून उभी, मधे तीन फुटांची बोळ. बँकवाल्यांचं दार पलीकडच्या रस्त्यावर उघडे, त्यामुळे त्यांच्याकडे जायचं तर अकरा घरांचा वळसा पडे. हे बँकवाले एका बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन दिसणारे, पण रस्त्यात टेपसाहेब दिसले की मान खाली घालून पलीकडच्या बाजूला जाणारे. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. बँकेत राहून माणसाला गर्व चढतो असं टेपसाहेबांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

मॅडमनी बँकवाल्यांच्या घराची फाईल मागवली आणि पान उघडून टेपसाहेबांपुढे धरलं. एकोणीस वर्षांपूर्वीचा शेरा होता. "प्रत्यक्ष पाहणी केली. मागची बाजू मोकळी." खाली टेपसाहेबांची सही, शिक्का आणि तारीख.

"तुमचा शेरा असताना मी येऊन काय बघणार, साहेब?" मॅडम म्हणाल्या. "नवीन मुलींना मी हीच फाईल दाखवते. दोन वाक्यांत सगळं. असे शेरे आता कोण लिहितं?"

परवानगी अर्ध्या तासात मिळाली. कागदावर लिहिलं होतं की धुराडं मागच्या मोकळ्या जागेतून वर नेण्यास या कार्यालयाची हरकत नाही. टेपसाहेब तो कागद छातीशी धरून पायी घरी आले, कारण बसमध्ये घडी पडली असती.

मंगळवारी शेगडी आली. ती सव्वादोन फूट रुंद आहे आणि दाराची चौकट अडीच फूट, हे टेपसाहेबांनी दुकानात तीनदा आणि घरी चारदा मोजलं होतं. हमाल दाराशी थांबले तेव्हा ते पायरीवर टेप घेऊन अभिमानाने उभे होते. शेगडी चौकटीत शिरली आणि अडकली. चौकट अडीच फूटच होती, पण तिच्यात एक दारही बसवलेलं होतं, आणि दार उघडलं तरी त्याची जाडी आणि कडी कुठे जात नाहीत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चौकटी मोजताना मधल्या दाराशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता.

हमालांनी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. घरात ऊब आणायची म्हणून पहिल्याच दिवशी घराचं दार निघालं. दुपारभर थंड वारा बैठकीच्या खोलीत फिरत होता आणि टेपसाहेबांची बायको कानाला रुमाल बांधून कणीक मळत होती. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की टेपसाहेबांना जास्त धाक वाटे. संध्याकाळी सुताराने दार परत बसवलं, पण ते मनाविरुद्ध परत आलेल्या पाहुण्यासारखं वागू लागलं. पूर्ण लागेना. खाली करंगळीएवढी फट राहिली ती राहिलीच.

"मुरेल हळूहळू," सुतार म्हणाला आणि गेला.

तोवर समोरचे मास्तर आले. मास्तर निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे शिकवायला वर्ग नव्हता, म्हणून ते कॉलनीला शिकवत. ते शेगडीभोवती दोनदा फिरले, वाकून आत बघितलं आणि मान हलवली.

"ही अशी उघडी ठेवणार?"

"म्हणजे?"

"लोखंड तापणार. लोखंड तापलं की भिंत तापणार. भिंत तापली की..." मास्तरांनी वाक्य सोडून दिलं. माझ्या चुलतभावाच्या ओळखीत एकांकडे असंच झालं, एवढंच ते म्हणाले. काय झालं ते सांगायला मात्र तयार होईनात. "तिन्ही बाजूंनी वीट लावा. चांगली वीतभर जाड. मग निर्धास्त झोपा."

 बुधवारी गवंडी आला तेव्हा त्याला पहिलं काम विटांचंच सांगितलं गेलं. गवंड्याने दुपारपर्यंत शेगडीला विटांचा असा भक्कम कोट घातला की फक्त पुढचं लोखंडी झाकण तेवढं दिसत होतं. आत शेगडी आहे हे सांगावं लागलं असतं. मास्तर येऊन बघून गेले आणि समाधान पावले.

मग धुराड्याचं भोक. टेपसाहेबांनी भिंतीवर पेन्सिलीने आखलेलं वर्तुळ इतकं सुरेख होतं की ते फोडायचं त्यांच्याच जिवावर आलं. गवंड्याने छिन्नी लावली, चार घाव घातले आणि थांबला. भिंतीला कान लावला.

"साहेब, पलीकडे काहीतरी आहे."

"पलीकडे काही नाही. बोळ आहे."

"आवाज मोकळा येत नाहीये."

"अहो, मी स्वतः लिहून दिलंय," टेपसाहेब म्हणाले. "मागची बाजू मोकळी."

"ते भिंतीला कुठे माहीत आहे?" गवंडी म्हणाला आणि कामाला लागला.

विटा जुन्या होत्या. एक काढली की शेजारच्या दोन हलत. बघता बघता वर्तुळाचं हातभर खिंडार झालं. शेवटची वीट गवंड्याने पलीकडे ढकलली. ती बोळीत आपटल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. वीट कुठेतरी मऊ जागी पडली. भोकातून थंड हवा यायला हवी होती, तीही आली नाही. तिच्याऐवजी रेडिओवरच्या बातम्या आल्या.

 बातम्या बंद झाल्या. मग भोकात आधी एक चष्मा दिसला आणि चष्म्यामागे ऐंशी-पंच्याऐंशीच्या एका म्हाताऱ्या बाईंचा चेहरा.

"वीट तुमची का?" त्यांनी विचारलं. "गादीवर आलीये."

  गवंड्याने छिन्नी खाली ठेवली आणि तो टेपसाहेबांकडे बघू लागला. त्या नजरेत जे होतं ते टेपसाहेब पुढे बरेच दिवस विसरले नाहीत.

"आपण..." शेवटी ते म्हणाले, "आपण इथे कशा?"

"मी एकोणीस वर्षं इथेच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही कसे?"

"अहो, कोण बोलतंय?" आतून बायकोने विचारलं.

"मागची बाजू," टेपसाहेब म्हणाले आणि मटकन विटांच्या ढिगावर बसले. ती वीट पाच मिनिटं आधी पडली असती तर बाई त्याच गादीवर आडव्या होत्या, हे त्यांना बाईंनीच सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या. 

बाई म्हणजे बँकवाल्यांची आई. गुडघ्यांमुळे त्यांना ती खोली सोडून फारसं कुठे जाता येत नसे. त्यांनी भिंतीतून आलेल्या माणसाला चहा झाला का म्हणून विचारलं आणि मग मुलाला हाक मारली. भोकात बँकवाल्यांचा चेहरा आला. टेपसाहेबांना बघताच तो चेहरा पांढराफटक पडला.

"शेवटी आलात," बँकवाले म्हणाले. "थांबा. मी येतो तिकडे."

अकरा घरांचा वळसा घालून ते आले, दाराशी चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले. बायकोने खुर्ची दिली तरी बसेनात.

"साहेब, तुमचे उपकार मी विसरलेलो नाही," ते म्हणाले. "आईसाठी खोली हवी होती. जागा नव्हती. मी मागची पडवी बोळीवर वाढवली, वर पत्रा टाकला आणि तुमच्याच भिंतीला माझी खोली टेकवली. तुम्ही पाहणीला आलात. पुढच्या खोलीत बसलात, चहा घेतलात. मी म्हटलं, आता उठतील, मागे जातील, आणि सगळं पाडायला लावतील. माझ्या आईने तोपर्यंत कपडेसुद्धा बांधून ठेवले होते. पण तुम्ही तिथेच बसून लिहिलंत, मागची बाजू मोकळी. माझ्या लक्षात आलं, यांनी पाहिलंय आणि पोटात घातलंय. त्या दिवसापासून तुमच्यासमोर मान वर करायची माझी हिंमत झाली नाही."

 टेपसाहेबांना ती दुपार आठवली. चहा चांगला होता. बँकवाल्यांची मागची बाजू म्हणजे आपल्याच घराची मागची बाजू, तिला काय बघायचं, असा विचार करून त्यांनी तो शेरा लिहिला होता. सगळ्या शहराच्या भिंती पायी फिरून बघणाऱ्या या माणसाने एकच भिंत बसल्या जागी पास केली होती, आणि ती त्याची स्वतःची होती.

आता पंचाईत अशी की खरं सांगावं तर तीस वर्षांच्या नोकरीला बट्टा लागणार. न सांगावं तर डोळेझाक करणारा अधिकारी म्हणून बँकवाले जन्मभर पाया पडणार. कामचुकार की लबाड, एवढंच निवडायचं होतं. 

"मी पाहिलंच नव्हतं," ते शेवटी म्हणाले. 

बँकवाल्यांचे डोळे भरून आले. "असं बोलायलाही मोठं मन लागतं," ते म्हणाले.

गुरुवारी टेपसाहेब पुन्हा कचेरीत गेले. या वेळी दाढी केली नव्हती. दार लोटून घेतलं आणि मॅडमना म्हणाले, "तो शेरा चुकीचा आहे. तिथे खोली आहे."

"खोली नाही, साहेब," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "रेकॉर्डला मोकळी जागा आहे."

"त्या मोकळ्या जागेतल्या बाईंनी मला चहाचं विचारलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "साहेब, तुमचा एक शेरा खोटा धरला तर बाकीचेही तपासावे लागतील. चार हजार घरं आहेत. शाळा आहेत. दवाखाना आहे." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "ही इमारतसुद्धा तुम्हीच पास केलेली आहे."

दोघांनीही एकदम वर छताकडे बघितलं. या इमारतीची मागची बाजू आपण पाहिली होती का, हे टेपसाहेब आठवू लागले. पाहिली होती. नक्की पाहिली होती. तरी जिन्यावरून उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही.

कचेरीच्या मागे जाऊन एकदा बघून आल्यावरच त्यांचा जीव भांड्यात पडला. तिथे खरोखरच मोकळी जागा होती.

घरी आले तर भोकापाशी बायको खुर्ची टाकून बसली होती आणि पलीकडच्या आजींशी बोलत होती. प्रश्न तिने सोडवून टाकला होता.

"आजी म्हणतात, धुराड्याचा नळा इकडून येऊ दे," ती म्हणाली. "पलंग सरकवतील. वर पत्राच आहे, गवंडी कापून देईल. बँकवाल्यांचीही ना नाही."

"अगं, पण दुसऱ्याच्या घरातून धुराडं?"

"तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, मागच्या मोकळ्या जागेतून वर नेण्यास हरकत नाही?"

टेपसाहेबांनी कागद काढून पुन्हा वाचला. तसंच लिहिलं होतं.

"या भिंतीवर मी सात वर्षं एकच कॅलेंडर बघतेय," भोकातून आजी म्हणाल्या. "नळा तरी बघेन."

शनिवारी धुराडं उभं राहिलं. काळा नळा विटांच्या कोटातून वर निघे, भिंतीतून पलीकडे जाई आणि आजींच्या पलंगाच्या पायथ्याशी चांगला सात फूट वर चढून पत्र्याबाहेर पडे. नळा अर्ध्या हाताचा आणि खिंडार हातभर, तेव्हा भोवतीची जागा उघडीच राहिली. ती सोमवारी बुजवतो म्हणून गवंडी गेला. टेपसाहेबांनी शेगडी पेटवली. धूर सरळ वर गेला. आठ दिवसांत त्यांना धक्का न देणारी ही पहिलीच गोष्ट होती, आणि म्हणूनच ती बघून ते अस्वस्थ झाले.

रविवारी सकाळी आत्या आली. चार वर्षांपूर्वी पाहिली होती त्याहून बुटकी दिसली. टेपसाहेबांचा हात नकळत खिशातल्या टेपकडे गेला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि शेगडीसमोर बसली. शेगडी धडधडत होती. विटा मात्र गार होत्या. मास्तरांची वीतभर वीट आतली ऊब आतच राखून होती. दाराखालच्या फटीतून येणारा वारा थेट आत्याच्या पाठीवर येत होता, कारण शेगडीला तोंड करून बसलं की दाराकडे पाठ होणार हे कुणीच मोजलं नव्हतं.

टेपसाहेबांनी लाकूड घातलं. आणखी घातलं. झाकणाच्या कडा लाल झाल्या. आत्याने शाल ओढून घेतली.

"छान आहे हो शेगडी," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. तिने पिशवीचे बंद चाचपले, ते बघून टेपसाहेबांनी आणखी एक लाकूड आत सारलं.

"कोण आलंय?" भिंतीतून आवाज आला. "इथे, बाई, भट्टी झालीये. मी स्वेटर काढून बसलेय."

आत्या दचकली नाही. तिने भोकाकडे बघितलं, मग टेपसाहेबांकडे, मग पुन्हा भोकाकडे. "कुठून यायचं तिकडे?" तिने विचारलं.

अकरा घरांचा वळसा घालून आत्या गेली. पिशवीही घेऊन गेली. सात फूट उघडा, तापलेला नळा, वर पत्रा, खिडकी नाही. आजींच्या खोलीत मुलाबाळांनी कधी आणली नव्हती एवढी ऊब आली होती. थोड्या वेळाने टेपसाहेबांची बायको विणकाम घेऊन तिकडे गेली. मग मास्तर आले, शेगडीसमोर दोन मिनिटं बसले, हात चोळले आणि तेही तिकडेच गेले. बँकवाल्यांनी पत्ते काढल्याचं ऐकू आलं.

इकडे टेपसाहेब एकटे, पाटावर, लाकडं घालत. पलीकडे कुणीतरी पत्ता चोरला आणि आत्या हसली. तिचं हसणं त्यांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं ते त्यांना आठवेना. रविवारच्या फोनवर ती हसत नसे. त्यांना आनंद झाला आणि अपमानही वाटला. कबूल केलेली ऊब त्यांनी दिली होती, पण ती नेमकी कुठे देणार हे सांगायचं राहून गेलं होतं. पत्ते संपले असावेत, कारण पलीकडे सगळं शांत झालं.

"बाळ्या," भोकातून आत्याचा आवाज आला. "आहेस का?"

"आहे."

"पाठ दाराकडे आहे ना तुझी?"

टेपसाहेबांनी वळून बघितलं. "लाकूड घालायचं तर तशीच होते," ते म्हणाले.

 मग नळ्याखालच्या फटीतून चार घड्या घातलेला एक कागद आत आला. "हा घे. पेटवायला होईल."

कागद म्हटल्यावर टेपसाहेब तो वाचल्याशिवाय राहणं शक्य नव्हतं. वृद्धाश्रमाचा फॉर्म होता. नाव, वय, पत्ता, सगळं आत्याच्या गोल अक्षरात. प्रवेश घेण्याचं कारण या रकान्यात त्यांनी थंडी हा शब्द शोधला. तिथे लिहिलं होतं, "भाच्याला माझी अडचण नको."

मग त्यांची नजर तारखेवर गेली. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. तीन हिवाळे हा कागद तिच्या पिशवीत होता, आणि तीन हिवाळे दर रविवारी ते "बरी आहेस ना?" विचारून चहा घेत होते. हाही शेरा त्यांनी बसल्या जागीच दिला होता. धुराचा त्रास होत नव्हता, तरी त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"वाचलास का रे?" आत्याने विचारलं.

"नाही," टेपसाहेब म्हणाले.

पाहणी करूनही केली नाही असं सांगायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"मग घाल शेगडीत," आत्या म्हणाली, "आणि इकडे ये. दाराशी बसू नकोस."

त्यांनी कागद शेगडीत घातला. त्याची नक्कल काढून ठेवली नाही. झाकण लावलं, खिशातला टेप काढून टेबलावर ठेवला, आणि अकरा घरांचा वळसा घालून ते मागच्या मोकळ्या जागेत जाऊन बसले.